लंडन जवळ, मुंबई लांब

रात्री पावणेएक. आमची बस कराडच्या अलीकडं सर्व्हिस रोडवर दीड तास थिजून उभी होती आणि मी मोबाईलवर मुंबई ते लंडन अंतर बघत होतो. विमानानं साधारण ७,२०० किमी. ते बघायची ती वेळ नव्हती.

लेकीकडं लंडनला जायचं म्हणून संध्याकाळी सातला बेळगाव सोडलेलं. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू, त्यामुळं चार किलोमीटर बरा रस्ता, मग डायव्हर्शन, मग धूळ. ड्रायव्हर फोनवर कुणाला तरी कन्नडमधून झापत होता, मागचे लोक त्याला मराठीतून. आमच्याकडं भांडणाला भाषेची अडचण कधीच येत नाही.

बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ असताना बस कशाला, असं बायकोनंही विचारलं होतं. कारण आईनं नातीसाठी बांधून दिलेलं ओझं. गावातल्या छोट्या विमानात तेवढं वजन फुकट जात नाही. चार पैसे वाचवले, असं तेव्हा वाटलं होतं.

तेवढ्यात लेकीचा मेसेज. तिकडं सव्वाआठच वाजलेले. ‘बाबा, कुंदा आणू नका. बाहेरून दुधाचे पदार्थ इकडे आणायला बंदी आहे.’

दोन किलो कुंदा, आमच्या बेळगावची दुधाची मिठाई! शहापूरच्या दुकानात आई स्वतः उभी राहून घेऊन आली होती, गुडघे दुखत असताना. तिला फोन करावा म्हटलं, तर ती झोपलेली. मग एक डबा उघडला. शेजारच्या काकांना दिला, मागं भांडणाऱ्यांना दिला. शेवटी पुढं जाऊन ड्रायव्हरसमोर धरला. त्यानं फोन कानावरून काढला, बोटभर कुंदा तोंडात टाकला आणि म्हणाला, “ऊरिंदा?” मी म्हटलं, “होय, गावचाच.” पुढं अर्धा तास बसमध्ये कुणी कुणाला झापलं नाही. दुसरा डबा मुंबईत मेव्हणीकडं गेला. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

सायनला उतरलो तेव्हा साडेआठ. साडेतेरा तास! सरळ रेषेत बेळगाव-मुंबई अंतर ४०० किमीच्या आसपास. विमानानं त्याच्या अठरापट अंतर दहा तासांत कापलं, वर दोनदा जेवायला घातलं. पाय मात्र तिथंही आखडलेच. विमानातली सीट आरामदायी असते म्हणणाऱ्यांनी मधल्या सीटवर बसून दाखवावं.

लंडनचे पंधरा दिवस छान गेले. पाऊस होता.

येताना विमानानं नऊच तास घेतले. तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात, त्यामुळं येताना विमानाला पाठबळ मिळतं आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावं लागतं. परतीच्या बसमध्ये आईचा तिसरा फोन आला तेव्हा वेळ जावा म्हणून हे सगळं तिला सविस्तर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं. आता कुठवर आलास?”

“पेठ नाका.”

“मघाशी पण पेठ नाकाच होता की रे. तिथं वारं नाही व्हय?”