आमची वाटचाल : बॉल हलका फिरायला हवा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा आहे. घरात ठेवण्यासाठी आर्केड कॅबिनेट, म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायची तशी मशीन, आम्ही बनवतो. ठाणे आणि नवी मुंबईत आमचं नाव मात्र पोचलं ते ट्रॅकबॉलमुळे, म्हणजे तळहाताने फिरवून गेम खेळायच्या बॉलमुळे, म्हणून वाटचाल त्याच्याच अंगाने सांगतो.

सुरुवात फर्निचरने झाली. माझा आतेभाऊ सुतारकामात तरबेज, मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीतला. किचन ट्रॉल्या आणि वॉर्डरोब करता करता घोडबंदर रोडच्या एका गिऱ्हाइकाने गेमची कॅबिनेट मागितली आणि दोघांची कामं एकत्र आली. प्लाय, सनमायका, मॉनिटर, आत पीसीवर मेम, म्हणजे जुने आर्केड गेम चालवणारं सॉफ्टवेअर. 2020 च्या लॉकडाउननंतर मागणी वाढली. लहानपणी पार्लरमध्ये टोकन टाकून खेळलेली माणसं आता स्वतःच्या हॉलमध्ये मशीन ठेवू लागली होती.

जॉयस्टिक सोपी असते. स्विच दाबला की लागतो, सोडला की सुटतो. 1980 चा मिसाइल कमांड किंवा 1984 चा मार्बल मॅडनेस खेळायचा तर ट्रॅकबॉलच लागतो, आणि तिथे सगळा खेळ तळहाताच्या स्पर्शाचा. वसंत विहारमधल्या एका काकांनी आम्हाला नेमकं सांगितलं, ‘‘अहो, बॉल चांगला आहे, पण हात काढला की लगेच थांबतो. तो फिरत राहायला हवा.’’ बॉल नवाकोरा होता, खोक्यातून काढून बसवलेला. तरीही त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हापासून प्रत्येक बॉल आधी पूर्ण उघडायचा, मगच बसवायचा, असा आमचा नियम झाला.

आत बॉल तीन जागी टेकलेला असतो. दोन रोलर एकमेकांना काटकोनात, तिसरा नुसता आधाराला. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना बेअरिंग, म्हणजे एकूण सहा. तीन इंची बॉलचा घेर सुमारे 24 सेंटिमीटर आणि रोलर बारीक, त्यामुळे बॉल एकदा फिरला की रोलर कितीतरी वेळा फिरतो. बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस मोटरला ठीक आहे, पण हाताच्या एका ढकलीवर चालणाऱ्या बॉलला ते ब्रेक लावल्यासारखं धरून ठेवतं.

काम असं चालतं. बेअरिंगचं पत्र्याचं झाकण टाचणीने अलगद उचलायचं, बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवून ग्रीस काढायचं, मग कॉम्प्रेसरची हवा मारायची. हवा मारताना बेअरिंग बोटांनी घट्ट धरायचं. मोकळं सोडलं तर ते कोरडंच प्रचंड वेगाने फिरतं आणि आतल्या गोळ्या खरवडतात. गाळ्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त झालं तर तेल रोलरवर चढतं आणि बॉल घसरतो. बोटावर धरून टिचकी मारल्यावर बेअरिंग आवाज न करता फिरत राहिलं, तरच ते परत बसतं.

बेअरिंग हलकी झाल्यावर दुसरा दोष उघडा पडला. बॉल जोरात पुढे फेकला की पडद्यावर कर्सर मागे धावायचा. रोलरच्या टोकाला खाचांची चकती असते. तिच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि समोर किंचित मागेपुढे बसवलेले दोन सेन्सर. चकती फिरताना दोघांचे सिग्नल मिळून चार अवस्थांतून जातात आणि त्यांच्या क्रमावरून दिशा कळते. हे सिग्नल वाचणाऱ्या बोर्डाला बघायला उशीर झाला, तर मधल्या पायऱ्या निसटतात. तीन पायऱ्या पुढे गेलेली चकती त्याला एक पायरी मागे आलेली दिसते! वेग जितका जास्त, तितकी ही गफलत जास्त.

यासाठी आम्ही प्रो मायक्रो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डवर स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. दोन्ही रोलरच्या चारही तारा इंटरप्ट पिनांवर घेतल्या, म्हणजे सिग्नल बदलला त्याच क्षणी त्याची नोंद होते. बोर्ड बॉलची हालचाल पीसीला यूएसबी माउससारखी कळवतो, आणि माउसच्या साध्या रिपोर्टमध्ये, म्हणजे पीसीला जाणाऱ्या एका निरोपात, एका वेळी 127 पर्यंतच आकडा मावतो. त्याच्या वरचा हिशेब फेकून न देता पुढच्या रिपोर्टला जोडला. रिपोर्टही सेकंदाला 125 ऐवजी 1000 वेळा जातात. माझ्या मते बॉलवर खर्च करायचा तर आधी बेअरिंगवर आणि या बोर्डावर करावा. बॉलखालच्या रंगीत दिव्यांचं नंतर बघता येतं.

मेममध्ये सेन्सिटिव्हिटी (बॉल थोडा फिरला की गेममध्ये किती हलायचं, ते) भरमसाट वाढवू नका, असं आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. सेंटिपीडसारख्या जुन्या ट्रॅकबॉल गेमच्या मशीनमधला, बॉलची हालचाल मोजणारा काउंटर मुळातच छोटा आहे. एका फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका चित्राच्या वेळात) फार आकडे गेले तर खेळच गोंधळतो आणि दोष बिचाऱ्या बॉलवर येतो. मार्बल मॅडनेससाठी बॉल 45 अंशांत तिरका बसवून द्या, असाही आग्रह असतो. मूळ मशीनमध्ये तो तसाच होता, पण मेम ते गणित स्वतः करतं, म्हणून आम्ही सरळच बसवतो.

आमच्याकडच्या दमट हवेत लोखंडी रोलरवर गंज चढतो आणि बॉल खरखरतो. शेजारच्या गाळ्यातल्या लेथवर आम्ही स्टेनलेस स्टीलचे रोलर करून घेतो. मिस्त्री प्रत्येक रोलर डायल गेज लावून तपासतात आणि जरा जरी डुगडुगला तरी बाजूला काढतात. एमआयडीसीची सुरुवात 1962 मध्ये याच वसाहतीपासून झाली. असे कारागीर इथे भिंतीला भिंत लावून भेटतात, म्हणून भाडं वाढलं तरी आम्ही दुसरीकडे गेलो नाही.

आता नेरूळ, खारघरहून लोक नुसता बॉल खोलून पिशवीत घेऊन येतात. कॅबिनेट दुसऱ्याने बनवलेली असली तरी आम्ही दुरुस्त करून देतो. ग्रीस काढलेल्या बेअरिंगला धूळ लवकर लागते, त्यामुळे पावसाळ्याआधी एकदा सफाई आणि तेल करून घ्यावंच लागतं, हे बिलावर लिहूनच देतो. सध्या मिसाइल कमांडच्या उभ्या मशीनमध्ये असायचा तसा साडेचार इंची बॉल करायला घेतला आहे. त्याचं वजन वेगळं, त्यामुळे रोलर आणि बेअरिंगची मापं नव्याने काढावी लागली. पहिला रोलर लेथवर चढला आहे.