देवचाराची कोंड: १५०० रुपये आणि अर्धा किलोमीटर चिखल (सत्तरी, गोवा)

आधीच सांगतो, या कोंडीवर (कोंड म्हणजे नदीतला खोल डोह) मासे खेळताना बघायला म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. मागे महाडजवळ काळ नदीतलं वाळणकोंड बघितलेलं, वरदायिनीचे मासे, खायला टाकलं की पाणी नुसतं उसळतं, डोक्यात तेच बसलेलं. होमस्टेवाल्याने सेम चित्र रंगवलं आणि 'देवस्थानची परमिशन' म्हणून १५०० काढून घेतले, गाईडचे ६०० वेगळे. कोंडीचं खरं नाव लिहीत नाही, मुद्दाम, उद्या कोण जाळं घेऊन पोचायला नको.

वाळपईपासून गाडीने बरंच आत, पुढे कुळागरातून (सुपारीची बाग) पायवाट, तिथवर काही विशेष नाही. शेवटचा अर्धा किलोमीटर मात्र बेकार! पहिला पाऊस पडून आठवडा झालेला, जांभ्यावर शेवाळ, बाजूला धरायला काही नाही आणि जळवा अशा की मोजायचं सोडून दिलं, ट्रेकिंग शूज घालूनही मी दोनदा आपटलो आणि मित्राचा फोन चिखलात गेला तो गेलाच. दीड तास लागला. मोज्यांना तंबाखूची पूड चोळून जा, मीठ पावसात टिकत नाही.

आणि एवढं करून समोर काय, तर काळं पाणी, गप्प. मित्र बिस्किटं काढून खाली उतरायला लागला तर वरून एक म्हातारे गावकार (गावचे मानकरी) ओरडले, "पावण्या, पाय घालू नको, राखण आहे!" राखण देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदाराची. इथे माशांना खायला घालत नाहीत, मुळात पाण्यात हातच घालायचा नाही. गाईडला माहीत नव्हतं म्हणे.

पुढचा तासभर गावकारांशी बोललो तेवढाच वसूल. मे महिन्यात नदी आटते, अशा कोंडीच तेवढ्या राहतात, मासे तिथे उन्हाळा काढतात. मिरगाला पाणी वाढलं की तेच अंडी घालायला ओढ्यातून शेतांपर्यंत चढतात. म्हणजे कोंडीत गेळफळ किंवा हल्लीची ब्लीचिंग पावडर टाकली तर गावाचं बियाणंच संपलं. पाण्यात विष किंवा सुरुंग वापरायला १८९७ च्या कायद्यानेही बंदी आहे, पण इतक्या आत पोलीस कुठून येणार? इथे गावकी बसते, देवाला दंड भरावा लागतो, वर देवचाराची भीती आहेच.

रात्री बघतो तर त्याच गावातली पोरं टॉर्च घेऊन शेतात चढणीचे मासे पकडतायत. सकाळी गावकारांना विचारलं तर म्हणाले, "कोंडीतले देवाचे, शेतातले आमचे." अंड्यांनी भरलेली मासळी आहे हो ती, मला काही हे पटलं नाही.

जायचंच तर एप्रिलमध्ये जा, पाणी नितळ असतं म्हणे, वरच्या कातळावरूनच मासे दिसतात आणि जळवा नसतात. दुसऱ्या दिवशी बांबरची निरंकाराची राई केली, पाण्यातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, मस्त आहे, सोपं आहे.

आणि परमिशनचं म्हणाल तर गावकारांनी कपाळालाच हात लावला. नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, बास. होमस्टेवाला अजून म्हणतोय पैसे देवळात दिले, पावती मागितली की फोन उचलत नाही.