मूळव्याधच असेल म्हणून घालवलेले चार महिने

एसटीत कंडक्टर म्हणून सव्वीस वर्षं झाली. पहाटे उठायचं, तांब्याभर कोमट पाणी, चहा, की दहा मिनिटांत मोकळं. इतक्या वर्षांत त्यात खंड नाही. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात दिवसातून चारदा जावंसं वाटायला लागलं, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटेना, तेव्हा खापर बाहेरच्या खाण्यावर फोडलं.

सातारा-पंढरपूर गाडीवर एकदा दहिवडी सोडली आणि अशी कळ आली की गोंदवल्यापर्यंत दांडी आवळून उभा होतो. गाडी थांबताच तिकिटाचं मशीन ड्रायव्हरच्या हातात कोंबलं आणि पळालो. तेव्हापासून ड्यूटीच्या दिवशी जेवणच बंद केलं.

मग आव पडू लागली, मधूनमधून रक्त. डेपोत मूळव्याधीवर बोलायला कुणाला लाज नाही, औषधं तर प्रत्येकाकडे. एकानं चूर्ण आणून दिलं, दुसऱ्यानं इसबगोल, घरी आईनं सुरणाची भाजी. चार महिने असेच गेले. शेवटी बायकोनंच विषय काढला. "अहो, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत, जिना चढताना धाप लागते. हेही मूळव्याधीनंच का?"

डॉक्टरांचे प्रश्न ऐकून गोंधळलो. बदल नक्की कधीपासून? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? रक्त शेवटी थेंब थेंब पडतं की संडासात मिसळलेलं असतं? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर? मी म्हणालो, "साहेब, चारदा म्हणजे जास्तच ना?" ते म्हणाले, "दिवसातून तीनदा जाणारा माणूसही ठणठणीत असतो आणि आठवड्यातून तीनदा जाणाराही. तुमचं रोजचं काय होतं आणि ते कधी बिघडलं, ते मला हवंय."

नंतर बोट घालून तपासणी. याची धास्ती घेऊनच तर आजवर गेलो नव्हतो, मिनिटभरात उरकली. मूळव्याध निघालीही, मला हायसं वाटलं. पण रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन ९.१, लोहही कमी. "एक आजार सापडला म्हणजे दुसरा नाही, असं नसतं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या वयाच्या पुरुषाच्या अंगातलं लोह जातंय कुठं, ते बघायलाच हवं." कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, ठरली.

दुर्बिणीपेक्षा आदली रात्र अवघड. आधीचे दोन दिवस पालेभाजी, बियांची फळं, तीळ बंद. मग दोन लिटर पाण्यात पोट साफ करायची पुडी कालवून, निम्मं रात्री, निम्मं पहाटे. चव खारट लिंबू सरबताची, तिसऱ्या ग्लासला ओकारी येते. फ्रिजमध्ये गार करून प्यायलो तेव्हा कुठं उतरलं. शेवटी बाहेर पडतं ते फिकट पिवळं पाणी, तसं होईपर्यंत बाथरूमचं दार सोडायचं नाही. तपासणीत गुंगीचं इंजेक्शन होतं, मला फक्त छताचा पंखा आठवतो.

मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला अडीच सेंटिमीटरचा, देठ असलेला पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब होता. तारेच्या फासानं तिथंच कापून काढला. रक्त यातूनच जात होतं. आठ दिवसांनी बायोप्सीचा, म्हणजे त्या तुकड्याच्या तपासणीचा, रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पण असा पॉलिप ठेवला असता तर काही वर्षांनी होऊ शकला असता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी संडास काळपट होते, घाबरू नका, म्हणाले. पण डांबरासारखी काळी, चिकट झाली किंवा रक्त खूप गेलं, चक्कर आली, तर त्याच दिवशी या.

पुढची दुर्बीण तीन वर्षांनी. सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, असं सांगितलंय. दादा छप्पन्न वर्षांचा, ठाण्याला असतो. फोन केला तर म्हणाला, "मला काही त्रास नाही रे." मी म्हटलं, मलाही मूळव्याधच होती. सध्या गाडं "गणपती झाल्यावर बघू" इथवर आलंय.