शेवटच्या प्रुफाचा हट्ट

"दोनदा प्रुफं वाचून दिली, आता छापायला जाताना परत सही कशाला?" माझ्याकडे पुस्तक घेऊन येणारे बहुतेक लेखक हे विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. या हट्टामागे दनी दीद्रो आहे, अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक.

ल ब्रतों हा पॅरिसचा मुद्रक आणि प्रकाशक. इंग्रजीतल्या चेंबर्सच्या कोशाचं फ्रेंच भाषांतर काढायचं एवढाच त्याचा आणि त्याच्या भागीदारांचा मूळ बेत होता. १७४७ मध्ये दीद्रो आणि दालांबेर संपादक झाले आणि त्यातून एक स्वतंत्र, अवाढव्य विश्वकोश उभा राहिला. १७४९ मध्ये दीद्रोला त्याच्या लिखाणापायी व्हँसेनच्या किल्ल्यात डांबलं, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी सरकारदरबारी अर्ज केले ते याच प्रकाशकांनी. त्यांचे पैसे अडकले होते हे खरं, पण ते त्याच्यासाठी धावले. हे सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगवत नाही.

१७५९ पर्यंत सात खंड निघाले आणि परवाना रद्द झाला. वर्गणीदारांना प्रत्येकी ७२ लिव्र (तेव्हाचं फ्रेंच नाणं) परत करा, असा हुकूम निघाला. घ्यायला कुणी आलं नाही म्हणतात. वाचकांचा एवढा विश्वास! दालांबेर आधीच बाजूला झाला होता. उरलेले दहा खंड गुपचूप छापून एकदमच बाहेर काढायचे ठरलं.

दीद्रो प्रुफं वाचायचा, दुरुस्त्या करायचा, छापायला हरकत नाही असं कळवायचा. त्याच्या लेखी तिथे काम संपलं. पण ती पानं यंत्रावर चढण्याआधी ल ब्रतों आणि त्याचा छापखान्यातला मुख्य माणूस पुन्हा हातात घ्यायचे. धर्माबद्दलचं, सत्तेबद्दलचं जे जे अंगाशी येईलसं वाटलं, ते काढून टाकायचे. कुठे वाक्य गेलं, कुठे अख्खे परिच्छेद. फर्मे (एकत्र छापायच्या पानांचे ताव) छापून झाले की हस्तलिखित जाळायचं. म्हणजे पुन्हा जुळवून पाहायला काही उरणारच नाही.

१७६४ मध्ये दीद्रोला अरबांच्या तत्त्वज्ञानावरचा स्वतःचाच लेख चाळायचा होता. छापलेली पानं काढली, तर लेख कापलेला. मग तो एकेक लेख उघडून बघत गेला. मला तो नेहमी या क्षणी दिसतो, टेबलाशी बसून आपलंच लिखाण शोधणारा. माझ्या एका लेखाचा शेवट एका अंकात मला न विचारता कापला गेला होता. एकच परिच्छेद, पण तो अंक मी आजही उघडत नाही. इथे तर दहा खंड होते.

१२ नोव्हेंबरला त्याने ल ब्रतोंला पत्र लिहिलं: दोन वर्षं तुम्ही मला भ्याडपणे फसवलंत. ल ब्रतोंला भीती होती, आणि ती खोटी नव्हती. १७६६ मध्ये तो स्वतः आठवडाभर बास्तीयच्या तुरुंगात जाऊन आला. पण भीती वाटत होती तर दीद्रोच्या घरी जाऊन तसं सांगायचं होतं. दोघांनी बसून, भांडून, काय ठेवायचं ते ठरवलं असतं. मला राग येतो तो कापण्याचा नाही, लपवण्याचा.

दीद्रोने काम मात्र सोडलं नाही. चित्रांचे खंड १७७२ पर्यंत निघत राहिले. आणि १९३३ मध्ये ल ब्रतोंचा स्वतःचा संच उजेडात आला. त्यात एक जास्तीचा खंड होता. गाळलेल्या मजकुराची प्रुफं त्याने नीट बांधून ठेवली होती.