स्केचबुक ७ : पेन्सिलीच्या गावात, पेन्सिल घेऊन

मंडळी, सातवं स्केचबुक अर्धं भरलं. मागच्या वेळी रडगाणं गायलं होतं की झाडं जमतात, वाडे जमतात, माणसंही ओळखू येतील इतपत येतात, पण मशीन काढायला घेतलं की भंगारवाल्याचं दुकान दिसतं. तर मध्येच बायकोचं ऑफिसचं काम निघालं पोर्टोला, चार दिवस, मी शेपटासारखा मागे, आणि त्यातला एक दिवस नदीकाठ, पूल, निळ्या टाइल्स सगळ्याला टांग मारून मी गेलो साओ जोआओ द मादेइरा नावाच्या गावाला. कारण एकच, व्हियार्कू. पोर्तुगालची पेन्सिल फॅक्टरी!

पोर्टोहून लोकलने एश्पिन्यू, तिथे थोडं चालून दुसरं छोटं स्टेशन, आणि तिथून व्होगा लाइनची डिझेल गाडी. पोर्तुगालमध्ये मीटर गेजवर रोजची गाडी आता फक्त याच लाइनवर धावते. आमचे आजोबा पुणे-मिरज मीटर गेजच्या गप्पा मारायचे, ती गाडी मी कधी पाहिली नाही पण डुलणं असंच असणार. डुलण्यात एक स्केच केलं, पान १४, त्याला स्केच म्हणू नका. गाड्या फार कमी आहेत, टाइमटेबल आधी बघा.

गाव म्हणजे क्षेत्रफळाने पोर्तुगालची सगळ्यात छोटी नगरपालिका, पुरते ८ चौरस किलोमीटरसुद्धा नाही, आणि एवढ्यात टोप्या, बूट, शिलाई मशीन, पेन्सिली, सगळं बनलंय. २०१२ पासून त्यांनी चालू कारखाने बघायच्या टूर सुरू केल्यात, आधी बुक करावं लागतं.

व्हियार्कूची गंमत अशी की ती मुळात इथली नाहीच. १९०७ मध्ये विला दु कोंद इथे सुरू झालेली, १९३१ मध्ये इथल्या व्हिएरा अराउजू नावाच्या टोपीवाल्या कारखानदाराने घेतली, त्याच्याच नावाचे तुकडे जोडून १९३६ मध्ये व्हियार्कू हा ब्रँड झाला आणि १९४१ मध्ये फॅक्टरी इकडे हलली. आत जुनी मशिनं अजून कामात आहेत. आपण शिसपेन्सिल म्हणतो पण त्यात शिसं नसतंच, ग्राफाइट आणि माती, माती जास्त की कांडी कडक, ग्राफाइट जास्त की मऊ आणि काळी. कांड्या भट्टीत भाजतात, मग लाकडाच्या पातळ पट्टीत खाचा पाडून त्यात ठेवतात, वर तशीच दुसरी पट्टी चिकटवतात, सँडविच, आणि मग ते सँडविच कापून सुट्या पेन्सिली. लहानपणापासून नटराज-अप्सरा चावतोय पण दोन अर्धुकांचा सांधा टोकाशी नीट बघितला तो परवा पहिल्यांदा.

आता मुख्य मुद्दा. टोप्यांचं म्युझियम. १९१४ ला सुरू झालेला टोप्यांचा कारखाना १९९५ ला बंद पडला आणि २००५ पासून त्याच इमारतीत म्युझियम आहे. तिथे एका मशिनसमोर मी स्टूल टाकून बसलो आणि नेहमीसारखी आउटलाइन सुरू केली, पाइप, चाक, झाकण, पाइप. चाळीस मिनिटांनी पानावर प्रेशर कुकरचा अपघात. चिडून पेन्सिल ठेवली आणि मशीन करतं काय ते आधी वाचलं. सशाची लव हवेत उडवतात, आत भोकं पाडलेला तांब्याचा शंकू फिरत असतो, त्याच्या आतून हवा ओढतात, लव शंकूवर बसते, वरून गरम पाणी मारलं की तिचा थर धरतो. तो थर काढला तर बाळाला गुंडाळता येईल एवढी अवाढव्य टोपी, मग वाफ आणि गरम पाण्यात चोळून चोळून ती निम्म्याहून लहान होते. घट्ट झाली की ती फेल्ट, म्हणजे न विणलेलं जाड कापड.

हे कळल्यावर दुसरं पान घेतलं आणि आधी फक्त शंकू काढला, मग हवा कुठून येते ते दोन बाण, मग बाकीचं त्या बाणांच्या भोवती. अर्धे पाइप गाळले. पान १९. पहिल्यांदा माझं मशीन उभं राहिलं राव! पर्स्पेक्टिव्ह अजून गंडलंय, डावीकडचा पट्टा बघू नका, पण ते काहीतरी करतंय असं वाटतं.

इथल्या टोपी कामगारांना 'उन्याश नेग्राश' म्हणायचे, म्हणजे काळी नखं. व्हियार्कूच्या पाण्यात विरघळणाऱ्या ग्राफाइटने वॉश, म्हणजे ओल्या ब्रशने पातळ छटा, मारता मारता माझीही झाली, फरक एवढाच की माझी संध्याकाळी साबणाने निघाली. टोपीच्या पट्टीला ते 'फिता' म्हणतात, आपली फीत तिकडूनच आलेली, आणि मेस्त्री म्हणजे त्यांचा 'मेश्त्र'. एकटाच हसत होतो.

ओलिवाचा टॉवर शेवटी घाईत केला. १९२५ ची ओतकामाची कंपनी, १९४८ पासून शिलाई मशिनं, आता तिथे आर्ट सेंटर वगैरे. सरळ इमारत, सोपी, कंटाळवाणी, पान २१.

मटेरियलबद्दल कोणी विचारेलच. शिंप्याच्या खडूच्या आकाराचे रंगाचे चौकोन घेतले, आर्टग्राफ नावाचे, कडेने बारीक रेघ आणि सपाट बाजूने जाड पट्टा, मशिनसाठी बेस्ट. पण माझा कागद १५० जीएसएमचा, म्हणजे पातळच, पाणी लागल्यावर पापडासारखा फुगला, १९ नंबरचं पान आता बंदच होत नाही. आठवं स्केचबुक ३०० चं घेतोय. पुढचा प्रयत्न घरचं उषा मशीन, आई म्हणाली आधी त्यात तेल घाल मग काढ.