पेटी वर ठेवा

2019 च्या पुराची सांगलीत प्रत्येकाकडे एक स्टोरी आहे, आमच्या चर्चची स्टोरी पेटीची आहे.

4 ऑगस्टला रविवार होता, महिन्यातला पहिला म्हणजे प्रभुभोजनाचा. उपासना संपल्यावर पाळक साहेब म्हणाले पाणी चढायलंय, तरुण संघाच्या पोरांनी थांबा, सामान जरा वर घ्या आणि पेटी आधी वर ठेवा. आम्ही ठेवली. म्हणजे हार्मोनियम ठेवली, चादरीत गुंडाळून, माळ्यावर, तान्ह्या बाळासारखी. साहेबांना म्हणायची होती बाप्तिस्म्या-लग्नांच्या रजिस्टरांची लोखंडी पेटी. ती आम्ही टेबलावर ठेवली आणि मोठं काम केल्यासारखं चहा प्यायला गेलो. मी पण होतो त्यात, दुसऱ्यावर ढकलत नाही.

टेबल पुरेल असं वाटलं कारण 2005. तेव्हा पाणी आमच्या पायरीला लागून परत गेलेलं, आणि अख्खी सांगली 2005 च्या खुणेवर विश्वास ठेवून बसलेली, की त्याच्या वर कृष्णा कशी काय येईल. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, यावेळी 57 च्या पुढे गेलं. खालच्या अलमट्टी धरणाचा फुगवटा का वरच्या कोयना धरणाचा विसर्ग यावर नंतर चहाच्या टपरीवर महिनाभर भांडणं झाली, पण पेटी बुडायची ती बुडलीच.

आम्ही विश्रामबागला, शहराच्या उंच भागात, मावशीकडे होतो. 15 ऑगस्टच्या आसपास आत जाता आलं. दार उघडेना, आतून गाळ दाबून बसलेला. वास तर सांगायलाच नको. इथं एक कामाची गोष्ट सांगतो, पाणी उतरायला लागलं की त्याच पाण्यात गाळ ढवळत बाहेर लोटायचा, एकदा वाळला की सिमेंट होतो. आम्ही चार दिवस लेट पोचलो, मग खोऱ्या-घमेल्यानं काढत बसलो. 18 तारखेच्या रविवारी उपासना नाहीच, सगळी मंडळी खराटे घेऊन हजर. मिरजेच्या मंडळीतून टेम्पो भरून माणसं आली. गल्लीतल्या गणपती मंडळाची पोरं मोटर घेऊन आली, गणपती पंधरा दिवसांवर असताना. महिला मंडळानं दारातच चूल मांडून पिठलं-भात केला आणि डॉक्टरांनी दिलेली लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) गोळी घेतल्याशिवाय कोणाला ताट दिलं नाही. बाकं सावलीत वाळवायची हे एका सुतारकाकांनी सांगितलं, तोवर आम्ही तीन बाकं उन्हात टाकून वाकडी करून ठेवलेली. ती अजून आहेत, मागच्या रांगेत, बसलं की डुलतात.

पंचनाम्याला आले त्यांच्या फॉर्मवर घर होतं, दुकान होतं, प्रार्थनास्थळाला रकाना नव्हता. तो विषय तिथंच सोडला, कारण मंडळीतल्या निम्म्या लोकांची स्वतःची घरं पाण्यात होती, आधी त्यांचे फॉर्म भरणं महत्त्वाचं.

तर पेटी. उघडली तर रजिस्टरांच्या विटा झालेल्या. एक मी शहाणपणा करून तिथंच उघडायला गेलो तर पानाचा अर्धा भाग बोटाला चिकटून आला. मिरजेहून आलेल्या एक रिटायर्ड लायब्ररीवाल्या बाई ओरडल्याच, "अरे हात लावू नकोस, फ्रीजरमध्ये ठेव!" मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरं होतं, गोठवलं की बुरशी थांबते, मग एकेक काढून निवांत वाळवता येतं. मंडळीतल्या एकाचं विश्रामबागला आइस्क्रीमचं दुकान होतं, त्यानं एक डीप फ्रीजर रिकामा करून दिला. महिनाभर आमच्या चर्चचे बाप्तिस्मे मँगो आणि बटरस्कॉचच्या शेजारी पडून होते 😄

वाळवायचं म्हणजे ऊन नाही, पंखा. चार-पाच पानांमागं एक कोरा कागद, ओला झाला की बदलायचा, परत, परत. रोज संध्याकाळी आम्ही तिघं-चौघं मास्क लावून तेच करायचो. मजा अशी की आजोबा-पणजोबांच्या काळातल्या टाक-दौतीनं लिहिलेल्या नोंदी सगळ्या शाबूत, काळ्या शाईचा डाग पण हलला नाही, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या जेल पेनानं लिहिलेल्या नुसत्या निळ्या ढगासारख्या. लग्नांचं टेन्शन नव्हतं, 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं त्या नोंदींची नक्कल सरकारकडं जाते. बाप्तिस्म्याची कुठंच जात नाही.

मग पुसलेल्या नोंदी परत लिहायला उपासनेनंतर दर रविवारी वाकड्या बाकांवर बसणं सुरू झालं. ज्यांच्याकडं दाखला होता त्यांनी आणला, पण बऱ्याच जणांचे दाखले पण त्याच पाण्यात गेलेले. फोटो आणले, मागं तारीख लिहिलेली सापडली की टाळ्या. आणि म्हाताऱ्या बायका! आमच्या एक आजी, कालची भाजी आठवत नाही, पण "व्हय की, त्या पोरीचा बाप्तिस्मा हंगामाच्या सणाच्या आदल्या रविवारी, त्या सणाला लिलावात माझा कोंबडा पाचशेला गेलता" असं सांगायच्या (हंगामाचा सण म्हणजे चर्चचा पिकाचा सण, आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो). मग कोंबडा पाचशेला गेलेलं वर्ष कोणतं, यावर दुसऱ्या आजीशी वाद, मग तिसरीकडून निकाल, मग खजिनदारांच्या घरी वरच्या मजल्यावर असलेल्या हिशेबाच्या वहीत कोंबडा शोधायचा. सापडला पण. सहा-सात महिन्यांत जवळपास सगळं परत लिहून झालं, साहेबांनी प्रत्येक नोंदीपुढं कोणी सांगितलं त्यांची सही घेतली. घर सावरायचं टेन्शन असलेली माणसं पण त्या बसण्याला यायची, काहीजण तर उपासना चुकवून नेमकं त्यालाच यायची, यावर साहेब एकदा पुलपीटवरून बोलले पण.

2021 च्या जुलैमध्ये पाणी परत चढायला लागलं तेव्हा कोणी काही सांगायच्या आत दोन पोरं बाईकवर मध्ये रजिस्टरांची ट्रंक धरून विश्रामबागला निघाली. संध्याकाळी साहेबांचा फोन, "पेटी वर ठेवली का रे?" मी म्हणालो हो साहेब, कधीच. ते म्हणाले, "कुठली?"

मी गाडीची किल्ली शोधायला लागलो.