कोर्टात आलेलं लाईफ जॅकेट

विमा कंपनीच्या वकिलांनी पिशवीतून केशरी लाईफ जॅकेट काढून टेबलावर ठेवलं. त्याच्या पट्ट्यांना नव्या मालाचा रबरबँड अजून तसाच होता. बहुधा त्यांनीही तो पाहिला नसावा.

ही २०२३ची गोष्ट, रत्नागिरीची. त्याआधी दोन वर्षं, पर्ससीन म्हणजे मोठ्या घेरजाळ्याच्या बोटीवरचा एक नेपाळी खलाशी पहाटे जाळं ओढताना पाण्यात गेला. वय ३०. तिसऱ्या दिवशी प्रेत मिळालं, हे त्यातल्या त्यात बरं. प्रेत मिळालं नाही आणि दुसरा पुरावाही नसला, तर मृत्यू गृहीत धरायला कायदा सात वर्षं थांबायला लावतो. तोवर बायको ना विधवा, ना सवाष्ण. मी या खलाशाच्या बायकोची वकील होते. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून आंब्याच्या बागेत राखणीला असलेला एक नेपाळी दुभाषा म्हणून शेजारी बसवला होता.

‘तो नोकर नव्हताच, हिश्श्यावर होता,’ हा मालकाचा मुद्दा सकाळीच पडला. तांडेलच्या, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्याच्या वहीत, डिझेलच्या डागाशेजारी, त्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं: पगार १६,०००, उचल ४,०००. मग उरलं जॅकेट. बोटीवर होतं, त्याने घातलं नाही, चूक त्याचीच.

खरं तर मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. तेव्हा लागू असलेल्या १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं कलम ३ स्पष्ट होतं. तो प्यायलेला होता, मुद्दाम नियम मोडला, सुरक्षेचं साधन काढून ठेवलं, या सबबी जखमीच्या आड येतात. माणूस मेला किंवा कायमचा पुरता अपंग झाला तर चालत नाहीत. पण ‘चूक त्याचीच’ हे दुभाषाने तिच्या कानात सांगितलं आणि तिने मान खाली घातली. मला ते बघवेना.

‘तांडेल, हे घाला आणि जाळं कसं ओढता ते दाखवा.’

साहेबांनी परवानगी दिली. तांडेलने जॅकेट चढवलं, पट्टे आवळले, पुढे वाकला. छातीवरच्या जाड फोममुळे हनुवटी वर ढकलली गेली. हात मागे खेचताना लोंबणारा पट्टा पिंजऱ्याच्या कठड्यात अडकला, तो त्याला एका हाताने सुटेना.

‘जाळ्यात असाच अडकतो,’ तो म्हणाला. ‘मग जाळ्याबरोबर माणूसही जातो.’

‘बोटीवर असतात कुठे ही?’

‘केबिनवर, ताडपत्रीखाली. तपासणीला काढतो.’

काम करताना अडचण होणार नाही अशी, पाण्यात पडल्यावर फुगणारी सडपातळ जॅकेटं मिळतात. ब्रिटनमध्ये २०१८पासून मासेमारी बोटीच्या उघड्या डेकवर लाईफ जॅकेट घालावंच लागतं. पाण्यात पडण्याचा धोकाच उरलेला नाही हे मालकाने लेखी दाखवलं तरच सूट. आपल्याकडे नग मोजतात.

निकाल पुढे चार महिन्यांनी लागला. तेव्हा पगार कितीही असला तरी हिशोब १५,०००वर थांबायचा; त्याचा निम्मा, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला ३० वयाचा गुणक २०७.९८. म्हणजे १५,५९,८५०, वर १२ टक्के व्याज.

त्या दिवशी मात्र कारकुनाने जॅकेटवर निशाणी क्रमांकाची चिठ्ठी लावली आणि ते कपाटात गेलं. व्हरांड्यात तांडेल माझ्या मागे मागे आला.

‘मॅडम, ते परत कधी मिळेल? एक कमी भरलं तर तपासणीला बोट अडवतील.’